सीटबेल्ट लावत नाही म्हणून जुन्या ड्रायव्हरला काढायचं का?

प्रश्न थोडक्यात असा: भोसरीजवळ कुरिअरचं हब आहे, ३२ छोट्या मालवाहू गाड्या कंपनीच्याच, ड्रायव्हर पगारी. सहा वर्षं नोकरी झालेला एक ड्रायव्हर दीड महिन्यात तीनदा कॅबिनमधल्या कॅमेऱ्यात बेल्टशिवाय दिसला. मालक म्हणतात, ‘‘याला काढा, बाकीचे आपोआप सरळ होतील.’’ हब मॅनेजरने विचारलंय की असं काढता येईल का, आणि काढल्यावर बाकीचे खरंच बेल्ट लावायला लागतील का. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे. गेल्या महिन्यात ओव्हरटाइमच्या पैशांवरून याच ड्रायव्हरची मालकांशी बाचाबाची झाली होती. तिच्याकडे मी नंतर येतो, कारण सगळ्या प्रश्नात तीच सर्वांत महागात पडू शकते.

कुरिअर आणि मालवाहतुकीच्या कंपन्यांत कर्मचारी विभाग आणि वाहन सुरक्षा ही दोन्ही कामं मी सांभाळली आहेत, चौकशी अधिकारी म्हणूनही बसलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो: काढू नका, आणि सोडूही नका. या तीन घटनांवर त्याला काढलंत तर प्रकरण कामगार न्यायालयात टिकणं कठीण. आणि एकाला काढल्याने बाकीचे लोक पंधरा दिवस बेल्ट लावतील, फक्त कॅमेऱ्यासमोर.

मालकांचा राग मात्र अस्थानी नाही. बेल्ट ही क्षुल्लक बाब आहे असं मानणाऱ्या सुपरवायझरांपेक्षा चिडलेला मालक मला परवडतो. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, आणि त्यात ८,३८४ चालक होते. बेल्टमुळे चालकाचा आणि पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा महागड्या गाडीत मागे बसलेल्यांनी बेल्ट लावला नव्हता ही गोष्ट महाराष्ट्रभर चर्चेत होती. त्यानंतर महिनाभर लोक मागच्या सीटवरही बेल्ट शोधत होते. पुढे काय झालं ते आपण सगळे पाहतो.

डिलिव्हरीवाल्यांचा ठरलेला युक्तिवाद वेगळा असतो: ‘‘आम्ही गल्लीत फिरतो साहेब, स्पीड कुठे असतो?’’ हिशेब करून दाखवा. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी अचानक थांबली, तर बेल्ट नसलेलं शरीर पुढे ज्या वेगाने आदळतं, तो सव्वासहा मीटर उंचीवरून खाली पडल्यावर येणारा वेग आहे. म्हणजे दुमजली घराची गच्ची. ५० च्या वेगाला तीच उंची जवळजवळ दहा मीटर होते. स्टेअरिंग घट्ट धरून हा धक्का कुणालाच अडवता येत नाही. त्यातून छोट्या मालवाहू गाडीत ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावरच बसलेला असतो, समोर इंजिनाचं लांब नाक नाही, बऱ्याच गाड्यांत एअरबॅगही नाही. धडकेत चेपायला पुढे जागा नसते, तिथे छाती आणि स्टेअरिंग यांच्यात अंतर राखणारी वस्तू बेल्ट ही एकच. ज्या गाड्यांत एअरबॅग आहे तिथेही ती बेल्ट लावलेल्या माणसासाठी मोजूनमापून बसवलेली असते. बेल्ट नसेल तर शरीर आधीच पुढे सरकलेलं असतं आणि फुगणारी पिशवी तोंडावर येते.

शिवाय ‘गल्लीत’ हे अर्धंच खरं. तुमच्या हबवरून निघालेली गाडी पहिल्या ड्रॉपपर्यंत, म्हणजे पार्सल द्यायच्या पहिल्या ठिकाणापर्यंत, पुणे-नाशिक रस्त्यावरून जाते, संध्याकाळी दमून त्याच रस्त्याने परत येते. चाकणकडच्या कंटेनरांमधून. धोका सगळ्यात जास्त याच दोन टप्प्यांत असतो, आणि बेल्ट न लावण्याची सवय मात्र मधल्या गल्ल्यांत लागते. दिवसभर शंभर वेळा न लावलेला बेल्ट संध्याकाळी हायवेला लागल्यावर आठवत नाही.

आता मुद्द्याचं. त्याने बेल्ट का लावला नाही, हे त्याला कुणी विचारलंय का? ‘का लावला नाहीस?’ असं दरडावून विचारलं असणारच. मी म्हणतो ते खुर्ची देऊन, चहा सांगून विचारणं. ‘‘दादा, बसा. बेल्टचं तुमचं नक्की काय होतं ते सांगा. आज मेमो नाही, आज फक्त ऐकायचंय.’’ असं विचारलं की जी उत्तरं येतात, ती ऐकून मॅनेजर बहुतेकदा खाली बघतात. बेल्ट अर्धा बाहेर येऊन अडकतो. बक्कल सीटच्या फटीत गेलंय, दर वेळी बोटं घालून काढावं लागतं. पट्टा इतका मळलाय की पांढऱ्या युनिफॉर्मवर तिरपा काळा डाग पडतो आणि गेटवर ‘युनिफॉर्म अस्वच्छ’ म्हणून बोलणी बसतात. पट्टा मानेला घासतो, कारण वरचा हुक खालीवर होत नाही आणि ड्रायव्हर बुटका आहे. कॅश ऑन डिलिव्हरीचा पाऊच कमरेला बांधलेला, त्याच्यावरून पट्टा नीट बसत नाही. बाजूच्या सीटवर पार्सलं रचलेली, ती बक्कलवर पडलेली. आणि सगळ्यांच्या तळाशी: ‘‘शंभर ड्रॉप देता, प्रत्येक ठिकाणी काढ-घाल केली तर घरी कधी जायचं?’’

यातलं शेवटचं कारण खरं आहे का ते मोजा, अंदाजाने बोलू नका. बेल्ट लावायला आणि काढायला मिळून चार सेकंद धरा. शंभर ड्रॉपचे चारशे सेकंद, म्हणजे सात मिनिटांच्या आत. हे दोन्ही बाजूंना सुनावण्यासारखं आहे. ड्रायव्हरला सांगायचं, सात मिनिटांसाठी छाती पणाला लावू नका. आणि मालकांना सांगायचं, ही सात मिनिटं तुमच्या रूटच्या वेळापत्रकात कुठे आहेत ते दाखवा. बहुतेक ठिकाणी नसतात. नियम कागदावर आणि वेळापत्रक नियमाच्या विरुद्ध, असं असेल तर माणूस वेळापत्रक पाळतो, कारण त्याचा इन्सेंटिव्ह पार्सलमागे असतो, बेल्टमागे नसतो. त्या ड्रायव्हरच्या रूटमधून सात मिनिटांचे ड्रॉप कमी करून बघा. एवढ्यानेच अर्धी शिस्त येते, असा माझा अनुभव आहे.

कुणी म्हणेल, परदेशात तर डिलिव्हरीवाल्यांना सूट असते. ब्रिटनमध्ये आहे खरी: मालवाहू गाडीने माल देता-घेताना ५० मीटरपेक्षा जास्त नसलेल्या प्रवासात बेल्टची सक्ती नाही. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३८(३) सरळ आहे. ज्या गाडीला बेल्ट आहेत तिथे गाडी चालत असताना चालकाने आणि पुढे बसलेल्याने बेल्ट लावायचा. डिलिव्हरीसाठी अंतराची सूट त्यात नाही. म्हणून ‘पुढच्या सोसायटीपर्यंतच जायचं होतं’ हा बचाव ड्रायव्हरलाही चालत नाही आणि ‘हायवेवर लावा, गल्लीत बघू’ असा तोंडी नियम सुपरवायझरलाही करता येत नाही. मला स्वतःला असा दुहेरी नियम कामाचाही वाटत नाही. गल्ली कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो हे दिवसातून शंभर वेळा ठरवायला लावणं म्हणजे नियम नसल्यासारखंच. चावी फिरवण्याआधी बेल्ट, एवढंच ठेवा. जिथे दोन ड्रॉप खरोखर पन्नास पावलांवर आहेत तिथे गाडी एकाच जागी लावून दोन्ही पार्सलं पायी द्यायची. रूट नीट आखला तर ते जमतं, आणि बेल्टची काढ-घालही तेवढीच कमी होते.

दंडाचं कलम मोटार वाहन कायद्याचं १९४ब. बेल्ट न लावता गाडी चालवली तर १,००० रुपये, आणि बेल्ट न लावलेला माणूस गाडीत बसवला तरी त्याच कलमाखाली चालकच जबाबदार. हेल्परचं काय, हा प्रश्न हबवर कुणी विचारत नाही. बाजूच्या सीटवर बेल्टशिवाय बसलेला साठ-सत्तर किलोचा हेल्पर धडकेत नुसता स्वतः आदळत नाही, तो ड्रायव्हरवरही येतो. आणि मागच्या हौद्यात पार्सलांवर बसून जाणारा हेल्पर असेल, तर बेल्टची चर्चा बंद करा, आधी ते थांबवा. तिथे कॅमेरा नसतो म्हणून कुणाला मेमो जात नाही एवढंच.

ई-चलान आलं की ते गाडीमालकाच्या नावावर येतं आणि कंपन्या ते थेट पगारातून कापतात. असं सरसकट कापता येत नाही. कंपनीने स्वतः लावायच्या दंडाला वेतन कायद्यात पूर्वीही मर्यादा होती आणि नव्या वेतन संहितेतही आहे: त्या वेतनकाळातल्या वेतनाच्या तीन टक्क्यांपर्यंतच, आधी म्हणणं मांडायची संधी देऊन, हप्ते न पाडता आणि दंड लावल्यापासून ९० दिवसांच्या आत. कोणत्या चुकीला दंड हेही आधी जाहीर केलेलं असावं लागतं, आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी वापरायची असते. १८ हजार पगाराच्या माणसाला महिन्यात ५४० रुपयांपलीकडे दंड बसत नाही. मालकांच्या डोक्यात जो ‘हजार रुपये दर वेळी’ असा फलक असतो, तो लावू नका.

आता काढण्याबद्दल. तुमच्याकडे सगळे मिळून किती कामगार आहेत यावर स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटी आणि शिस्तीचे कायद्याने ठरवलेले लेखी नियम, लागू होतात की नाही ते ठरतं. महाराष्ट्रात जुन्या व्यवस्थेत ५० कामगारांची मर्यादा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि औद्योगिक संबंध संहितेत ती ३०० आहे. यावरून ‘आम्ही ३०० च्या खाली, मग मोकळे’ असा अर्थ काढणारे सल्लागार भेटतील. त्यांना विचारा, न्यायालयात ते तुमच्या शेजारी उभे राहणार आहेत का. आरोप लेखी सांगितला होता का, पुरावा दाखवला होता का, उत्तर ऐकलं होतं का, शिक्षा चुकीच्या प्रमाणात होती का, हे चार प्रश्न कामगारसंख्या पाहून बदलत नाहीत. महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा तर चौथ्या अनुसूचीत स्पष्टच म्हणतो: गैरवर्तन किरकोळ किंवा तांत्रिक असताना, त्याचं स्वरूप आणि माणसाची आधीची नोकरी न बघता धक्कादायक म्हणावी इतकी मोठी शिक्षा देणं ही अनुचित प्रथा आहे. जवळजवळ याच शब्दांतली तरतूद केंद्राच्या नव्या संहितेतही आहे. बेल्ट न लावणं ‘किरकोळ’ आहे असं मी मानत नाही, तुम्हीही मानू नका. पण सहा वर्षांत एकही लेखी मेमो नसलेल्या माणसाला पहिल्याच कागदावर बडतर्फ केलं, तर समोरचा वकील याच ओळीवर बोट ठेवणार.

आणि इथे ती ओव्हरटाइमची बाचाबाची येते. तीन घटनांपैकी दोन भांडणानंतरच्या आहेत असं तुमच्या तारखांवरून दिसतं. त्याच आठवड्यांत बाकीच्या ३१ गाड्यांचं फुटेज कुणी पाहिलं का? पाहिलं असेल आणि त्यातही दहा-बारा जण बेल्टशिवाय असतील, तर एकट्यावर कारवाई म्हणजे सूड, असं कुणीही म्हणेल. पाहिलंच नसेल तर याचंच फुटेज का काढलं, हा प्रश्न त्याहून अवघड. म्हणून काहीही करण्याआधी एक आठवडा सगळ्या गाड्यांचं फुटेज तपासा आणि गाडीवार नोंद करा. तुम्हाला धक्का बसेल. बसायलाच हवा, कारण मग मालकांनाही कळेल की हा एका माणसाचा प्रश्न नाही.

फुटेजबद्दल एक सावधगिरी. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर ‘बेल्ट नाही’ असा इशारा देतं तो पुरावा मानू नका. तो फक्त क्लिप उघडून बघायचा इशारा आहे. काळ्या शर्टावर काळा पट्टा त्याला दिसत नाही, जॅकेटखालून गेलेला दिसत नाही, उलटं ऊन असलं की काहीच दिसत नाही. आणि पट्टा पाठीमागून फिरवून बक्कल लावलेला कधी कधी ‘बेल्ट आहे’ म्हणून पास होतो. प्रत्येक क्लिप माणसाने बघायची, गाडी चालू होती की उभी होती आणि वेग किती होता हे लिहायचं, आणि ती क्लिप वेगळी जपून ठेवायची. बऱ्याच यंत्रणा थोड्या दिवसांत जुनं पुसून टाकतात. चौकशीत क्लिपच नसली की सुपरवायझरचा शब्द विरुद्ध ड्रायव्हरचा शब्द एवढंच उरतं.

पाठीमागून पट्टा, किंवा बक्कलमध्ये नुसती क्लिप खोचून बेल्ट न लावल्यावर वाजणारा बझर बंद करणं, हा प्रकार मी साध्या विसरण्यापासून पूर्ण वेगळा धरतो. विसरणं ही सवय आहे. क्लिप विकत घेऊन लावणं हा बेत आहे. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लिप विकण्यावरून पाच ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि १३,११८ नोंदी त्यांच्या संकेतस्थळांवरून उतरवल्या गेल्या. त्याआधी या क्लिप घरोघर पोचवल्या कुणी, हे वेगळं सांगायला नको. तुमच्या गाड्यांत अशी क्लिप सापडली तर आधी विचारा, ती कुणी लावली. कधी कधी गाडी सर्व्हिसिंगहून येतानाच लावलेली असते, कधी सुपरवायझरनेच ‘आवाज नको’ म्हणून आणून दिलेली असते. आणि मालकांच्या स्वतःच्या गाडीत एकदा डोकावून बघा. मालकांच्या बक्कलमध्ये क्लिप आणि ड्रायव्हरच्या हातात मेमो असं असेल, तर शिस्तीच्या गप्पा हबवर कुणी ऐकणार नाही. ड्रायव्हर लोक हे सगळं बघत असतात.

पायऱ्या कशा ठेवायच्या याचं माझं मत सांगतो. सगळ्यात आधी गाड्या. बत्तीसही गाड्यांचे बेल्ट तपासा: सावकाश पूर्ण बाहेर ओढायचा, कडा फाटल्यात का बघायचं, झटका देऊन लॉक होतो का बघायचं, बक्कल लागतं आणि सुटतं का बघायचं, सोडल्यावर गुंडाळला जातो का बघायचं. अपघातात ताणला गेलेला बेल्ट बदलायचाच, दिसायला चांगला असला तरी. पट्टे साबणाच्या कोमट पाण्याने पुसून सावलीत वाळवायचे. कॅश पाऊचसाठी डॅशबोर्डखाली कुलूपबंद जागा करा. बाजूच्या सीटवर पार्सल ठेवायला बंदी. हे झाल्यावर प्रत्येक ड्रायव्हरला बसवून पट्टा कुठे बसतो ते दाखवा: खालचा पोटावर नको, कमरेच्या हाडावर, वरचा मानेवर नको, खांद्याच्या मधोमध. काखेखालून घेतलेला पट्टा बरगड्या मोडतो. मग नियमाचा कागद मराठीत, आणि हिंदी बोलणाऱ्यांसाठी हिंदीत, वाचून दाखवून सही घ्या. त्या कागदावर एक ओळ हवीच: ‘बेल्ट नादुरुस्त असेल तर गाडी बाहेर काढू नये; त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही.’ ही ओळ घालायला मालक कुरकुरतील. तिच्याशिवाय बाकीचा कागद पोकळ आहे. बेल्ट तुटलाय म्हणणाऱ्याला ‘आज चालवून घे’ सांगणारा सुपरवायझर सापडला, तर पहिला मेमो त्याला.

त्या तारखेपासून पुढे पहिल्या वेळी त्याच दिवशी समोरासमोर बोलणं आणि रजिस्टरमध्ये नोंद. दुसऱ्या वेळी लेखी मेमो आणि त्याचं लेखी उत्तर. तिसऱ्या वेळी रीतसर आरोपपत्र. दोष सिद्ध झाला तर ताकीद, नियमात बसणारा दंड किंवा थोडक्या दिवसांचं निलंबन. महाराष्ट्राच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत शिक्षा म्हणून निलंबनाची मर्यादा चार दिवसांची होती, तीच धरून चाला. त्याच्याही पुढे गेला तर पूर्ण चौकशी, आणि तेव्हा बडतर्फीचा विचार करायला हरकत नाही, कारण तेव्हा तुमच्या फाइलमध्ये ‘वारंवार आणि जाणूनबुजून’ हे शब्द सिद्ध करणारे कागद असतील. वर्षभर पुन्हा चूक झाली नाही तर जुनी नोंद मोजायची नाही. बक्कलमधली क्लिप किंवा पाठीमागचा पट्टा थेट तिसऱ्या पायरीवर. ‘बेल्ट न लावल्याची एकही नोंद नाही तर बोनस’ ही योजना मात्र आणू नका. ती आणली की सुपरवायझर नोंदच करत नाही, कुणाचा बोनस बुडवायचा म्हणून.

तपासणीची जागाही बदला. गेटवर सगळेच बेल्ट लावून बाहेर पडतात आणि पहिल्या वळणावर काढतात. हबपासून दोन-तीन किलोमीटरवर आणि संध्याकाळी परतीच्या वेळी, कधीही, कुणाचीही. जो तपासेल त्याने बेल्ट लावलेल्यांचीही नोंद करायची.

पैशाची बाजू मालकांना समजावून सांगा, कारण तिथे एक मोठा गैरसमज आहे: ‘नियम लेखी दिला, त्याने मोडला, आता त्याचं तो बघेल.’ १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्यात मालकाला असा बचाव होता आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे खरा: सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम कामगाराने मुद्दाम मोडला आणि त्यामुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागत नाही. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हा बचाव चालत नाही. म्हणजे बेल्टचा प्रश्न जिथे सर्वांत गंभीर होतो, नेमका तिथेच. मृत्यूसाठीचं सूत्र मासिक वेतनाचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणक असं आहे. ३० व्या वर्षाचा गुणक २०७.९८, आणि २०२० साली ठरवलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली तर रक्कम १५,५९,८५० रुपये होते. ड्रायव्हर ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असतील तर मार्ग वेगळा, अवलंबितांना पेन्शन तिथून मिळतं. पण घरातला कमावता माणूस जातो तो जातोच.

काही गाड्या पुढेमागे ठेकेदाराच्या घेतल्यात, तर हीच शिस्त करारात लिहा: बेल्ट चालू नसलेली गाडी हबमध्ये लागणार नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या वेळी ड्रायव्हरला नाही, ठेकेदाराला पत्र. ठेकेदाराच्या ड्रायव्हरला तुम्ही थेट मेमो देऊ लागलात की उद्या तो तुमचाच कामगार आहे असा दावा उभा राहतो. स्वतःची गाडी चालवणारे ‘डिलिव्हरी पार्टनर’ असतील तर तिथेही हुकूम चालत नाही, गाडी लावू न देणं एवढंच हातात असतं. ते पुरेसं असतं.

तुमच्या त्या ड्रायव्हरचं आत्ता काय करायचं? तिन्ही घटनांसाठी मिळून एकच कारणे दाखवा नोटीस द्या आणि तिला पहिली पायरी समजा. भाषा साधी ठेवा: ‘‘अमुक तारखेला, अमुक वेळी, गाडी क्रमांक अमुक चालवताना, वेग ताशी अमुक किलोमीटर असताना आपण सीटबेल्ट लावला नसल्याचं कॅमेऱ्याच्या चित्रणात दिसतं. चित्रण कार्यालयात पाहता येईल. याबाबत आपलं म्हणणं लेखी कळवावं.’’ ‘बेजबाबदार’, ‘उद्धट’, ‘कंपनीच्या प्रतिमेला तडा’ असे शब्द नकोत. ते सिद्ध करावे लागतात. ओव्हरटाइमचा विषय या कागदात चुकूनही येऊ देऊ नका, आणि तो हिशेब स्वतंत्रपणे, या नोटिशीच्या आधीच मिटवून टाका. त्याचे पैसे निघत असतील तर देऊन टाका. सही मालकांची नको, तुमची असू द्या. उत्तराला निदान तीन दिवस द्या, कारण त्याला कुणाला तरी विचारायचं असेल. नोटीस घ्यायला त्याने नकार दिला तर वाद न घालता दोन साक्षीदारांच्या सह्यांनी तशी नोंद करा आणि घरच्या पत्त्यावर पोस्टाने पोच मिळेल अशी पाठवा. आणि उत्तरात ‘बक्कल नीट लागत नाही, दोनदा सांगितलं होतं’ असं आलं, तर पुढचं काही लिहिण्याआधी गाडीजवळ जाऊन ते बक्कल स्वतः लावून बघा.